उणं सांगायची रीत

"उणं म्हणजे दोषच ना?" साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वहीत लिहूनही टाकलं.

मोठ्या बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. साहेब तसे वाईट नव्हते. कारखान्यात नव्याने लागणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढायची, तिच्यात इथल्या कामाचे सगळे शब्द अर्थासकट द्यायचे, हे काम वरून त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि ते बिचारे मन लावून करत होते. माग खात्यात तीन दिवस घालवून झाले होते, धुलाईत दोन, आणि आज रफू खात्याची पाळी होती.

"खोडा ते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग काय लिहू? चूक? नुकसान?"

"नुकसान झालं असतं तर आम्ही सहा जणी इथे काय माशा मारायला बसलोय?"

बाकीच्या पाच जणी माना खाली घालून हसल्या. साहेबांनी 'दोष' खोडलं आणि पेन उघडं ठेवून वाट पाहू लागले. आता मात्र पंचाईत झाली. जो शब्द एकतीस वर्षं दिवसातून दहा वेळा तोंडातून जात होता, त्याचा अर्थ सांगा म्हटल्यावर मोठ्या बाईंना सांगता येईना. बोलण्यात कधी कुणाला हार न जाणारी ही बाई, पण शब्द जिभेवर यायचा आणि परत फिरायचा.

"उद्या या," त्या शेवटी म्हणाल्या. "तोवर काम बघा. बघून कळलं तर मला विचारायची वेळच येणार नाही."

काम असं होतं. कारखान्यात कोटांसाठीचं जाड लोकरीचं कापड निघायचं. माग चालता चालता कधी आडवा धागा तुटतो, आणि मागवाल्याच्या लक्षात येईपर्यंत एखादा फेरा रिकामाच जातो. त्या जागी कापडात एक धागा कमी पडतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही. लोकरीचे तंतू दोन्ही बाजूंनी फुगून येतात आणि जागा झाकून टाकतात. कापड धुऊन, वाफेवर दाबून आलं की मात्र तीच जागा सगळ्या जगाला दिसेल अशी उघडी पडते. मग ती भरायला अख्खा दिवस जातो आणि भरली तरी वळ राहतो. म्हणून धुण्याआधी प्रत्येक तागा रफू खात्यात यायचा. खिडकीखालच्या उतरत्या टेबलावर तो उलटा पसरायचा आणि त्यावरून बोटांची टोकं फिरवायची, हातभर, मग पुढचं हातभर. गेलेला धागा बोटाला केसाएवढ्या चरासारखा लागतो. तो लागला की खडूने खूण करायची आणि मोठ्याने म्हणायचं, "उणं."

मोठ्याने, हे महत्त्वाचं. पुटपुटून चालत नसे. ते ऐकलं की दाराजवळची बाई माग खात्यात नंबर ओरडायची, तो माग थांबायचा, आणि मागवाला हात पुसत येऊन रफूवाल्या बाईच्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसायचा. सुई एका धाग्याखालून, दुसऱ्यावरून अशी वाट काढत ती जागा भरून काढेपर्यंत त्याने उठायचं नाही. भरून झालं की बाई म्हणणार, "शोधा." मागवाल्याने डोळे मिटून हात फिरवायचा आणि जागा सापडली नाही तर म्हणायचं, "उणं नाही." मग खडू पुसला जायचा. ते कोणाच्या मागावरचं होतं, हे कुठेही लिहिलं जात नसे. तागा पुरता झाला की रफूवाली कोपऱ्यावर आपली खूण काढायची. मोठ्या बाईंची खूण तीन आडव्या रेघा.

ही रीत कुणी घातली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिच्यात एक कलम मोठ्या बाईंनी स्वतः घातलेलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. या खोलीत 'उणं' फक्त कापडाला म्हणायचं, माणसाला नाही. बाहेर जग काय वाटेल ते करो. बाहेर लोक एकमेकांचं उणंदुणं काढतात, पोरीच्या रूपात उणं बघतात, पोराच्या अकलेत बघतात. दाराच्या आत ते चालणार नाही. एकदा एक नवी बाई डबा खाताना सहज म्हणून गेली की आमच्या जाऊबाईंमध्ये काय काय उणं आहे ते मला विचारा. पुढचा आठवडाभर खोली तिने झाडली.

मागवाल्यांची या स्टुलावर बसायची तऱ्हा निरनिराळी. सात नंबरचा मागवाला दर वेळी वाद घालत यायचा, की धागा तुटलाच नव्हता, लोकरच बारीक होती, बाईंचं बोटच आज नाजूक झालंय. त्याला सगळे 'वकील' म्हणत. तो खटला हरायचा, बसायचा, आणि सुई चालू झाली की शाळेतल्या पोरासारखा गप्प बघत राहायचा.

मोठ्या बाईंचे यजमान तर याच स्टुलावर बसून यजमान झाले होते. तेही मागवालेच. बाई नवीन लागल्या त्या वर्षी त्यांच्या मागावर इतकी उणी निघू लागली की मुकादम चक्रावला. माग तपासला, धोटा बदलला, काही उपयोग नाही. शेवटी एका म्हाताऱ्या रफूवालीने जाहीर केलं की मागाला काही झालेलं नाही, मागवाल्याला झालंय. लग्नानंतर त्यांच्या मागावर वर्षाला दोन उणी निघाली असतील तर शपथ.

ते जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, "त्यांचं उणं आता जन्माचं." मोठ्या बाईंनी रडता रडता मान वर केली होती. "उणं नका म्हणू," त्या म्हणाल्या होत्या. लोकांना वाटलं, बाई दुःखाच्या भरात बोलतेय. ते तसं नव्हतं. उणं म्हटलं की सुई हातात घ्यावी लागते, शेजारी कुणीतरी बसावं लागतं, आणि शेवटी ती जागा शोधूनही सापडेनाशी व्हावी लागते. मोठ्या बाईंना ती जागा सापडेनाशी व्हायला नको होती. ते नाहीत, एवढंच त्या म्हणायच्या, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

तर अशी ही बाई. एकतीस वर्षांत त्यांच्या तीन रेघांचा एकही तागा धुलाईतून उघडा पडून परत आलेला नव्हता. बाकी प्रत्येकीचा एकदा तरी आला होता. जिच्या हातून उणं सुटतं, तिनेही मागवाल्यासारखं दुसरीच्या शेजारी स्टुलावर बसायचं, हीच रीत होती आणि सगळ्या जणी कधी ना कधी बसल्या होत्या. मोठ्या बाईंनी स्टूल वरूनच पाहिलेलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि ते चार महिने असेच जावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि नेमकी अशा शेवटच्या दिवसांत बोटं दगा द्यायला लागली होती. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. आधी टोकांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मग मुंग्याही गेल्या. चष्म्याचा नंबर काढायला जाते, असं घरी सांगून त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, नसा दबल्यात, वयाचं आहे, गोळ्या घ्या, पण फार आशा धरू नका. बाईंनी गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. कामावर त्या हात जरा दाबून फिरवू लागल्या, एकाच जागेवरून दोनदा फिरवू लागल्या. दोन महिने झाले, एकही तागा परत आला नाही. हात अजून शाबूत आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

साहेब वही घेऊन गेले त्याच दिवशी दुपारी मोठ्या बाई चष्म्याची डबी शोधत होत्या. धुलाईला जायच्या ताग्यांच्या थप्पीमागे ती पडली असेल म्हणून त्या वाकल्या. खिडकीतलं ऊन थप्पीवर आडवं पडलं होतं. वरचा तागा त्यांच्याच तीन रेघांचा होता, सकाळी पुरा केलेला, आणि त्यात एकही उणं निघालं नव्हतं. तरीही उलट्या बाजूला दोन टोकं दिसत होती.

भरलेल्या धाग्याची दोन्ही टोकं मागच्या बाजूला नखाएवढी सोडतात. धुण्यात ती आपोआप आत ओढली जातात. उजव्या हाताने भरणारीची टोकं एका अंगाला कलतात, डावरीची दुसऱ्या अंगाला. खोलीत डावखुरी एकच होती, चार नंबरच्या टेबलावरची, आणि ती मोठ्या बाईंची सून होती.

मोठ्या बाईंनी खालचा तागा उचलून बघितला. मग त्याच्या खालचा. तीन रेघांचे तीन तागे होते आणि त्यातल्या दोन ताग्यांना डाव्या हाताची टोकं होती. चष्म्याची डबी तिथेच होती, पण ती न घेताच त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या.

सुनेला कामाला त्यांनीच लावलं होतं आणि त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना दुसऱ्या कुणाला दिला नसेल इतका त्रास दिला होता. सासू-सुनेचं नातं दाराबाहेर ठेवायचं, घरात आई आणि कामावर बाई, असा दंडक. सूनबाई कधी चुकली नाही. मोठ्या बाईच एकदा स्वयंपाकघरात म्हणून गेल्या होत्या, "चार नंबर, जरा चहा ठेव," आणि मुलगा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला होता. आपल्यामागे आपलं टेबल, म्हणजे खात्याचं मोठेपण, तिला द्यावं असं त्यांच्या मनात होतं, पण घरच्याच माणसाला दिलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून अजून कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी घरी सूनबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मोठ्या बाई समोर जाऊन बसल्या आणि त्यांनीही एक सदरा घडी घालायला घेतला.

"किती?" त्यांनी विचारलं.

सुनेचे हात थांबले. कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही.

"सात."

"तुला कसं कळलं?"

"मागच्या महिन्यात तुम्ही गरम पातेलं फडक्याशिवाय उतरवलंत. आणि खाली ठेवून निवांत मीठ शोधत होतात. तेव्हापासून मी तुमचे तागे धुलाईला जायच्या आधी एकदा बघते. जेवणाच्या सुट्टीत."

मुलगा शेजारच्या खोलीतून दाराशी आला. काय चाललंय ते त्याला कळेना, तो तोंड उघडणार तेवढ्यात दोघी एकदम म्हणाल्या, "तू थांब." तो थांबला आणि मग शहाण्यासारखा परत फिरला.

"सात वेळा तुझ्या बोटाला लागलं," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि सात वेळा तू गप्प बसलीस."

"गप्प बसले नाही, भरलं. कापड तर चांगलंच गेलं ना, आई?"

"कापडाचं सांगू नकोस मला. कापड चांगलं गेलं ते मी पाहिलंय. टोकंसुद्धा मापात सोडलीस." हे म्हणताना त्यांना आतून जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग आला. "पण हाक मारली नाहीस. चोरासारखं भरलंस. मी तुला हे शिकवलं होतं?"

सुनेने घडी बाजूला ठेवली. "तुमचे चार महिने राहिलेत. वाटलं, तुम्ही ताठ मानेनं बाहेर पडावं. तुम्हाला स्टुलावर बसलेलं मला बघवलं नसतं."

"का? स्टुलावर बसतो त्याला तू कमी समजतेस?"

"नाही."

"वकिलाला समजतेस? तुझ्या सासऱ्यांना समजायचीस?"

"मी नाही समजत, आई," सून हळूच म्हणाली. "तुम्ही समजता. आल्या-गेल्याला तुम्ही सांगता, माझा एकही तागा परत आला नाही, मी एकदाही बसले नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते ऐकतेय. मग मला वाटणारच ना, की बसणं म्हणजे तुम्हाला मरणच."

मोठ्या बाईंना कुणी इतकं नेमकं बोललं त्याला बरीच वर्षं झाली होती. सदरा त्यांच्या मांडीवर चुरगळून पडला होता. शेवटी त्यांनी तो झटकला, पुन्हा घडी घातली आणि सुनेच्या ढिगावर ठेवून त्या उठल्या. जेवताना दोघी फक्त मीठ हवं का, एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर सात नंबरच्या मागाचा राखाडी तागा आला. मोठ्या बाईंनी तो नेहमीसारखा पसरला, नेहमीसारखा हात फिरवला, सगळा वेळ घेऊन, टोकापासून टोकापर्यंत. बोटांना काही लागलं नाही. पण काही नव्हतं म्हणून लागलं नाही की बोटांना कळलंच नाही, हे त्यांना सांगता येईना. याआधीचे दोन महिनेही सांगता येत नव्हतं, फक्त त्यांनी स्वतःला तो प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी खडू घेतला, कोपऱ्यावर तीन रेघा काढल्या आणि उभ्या राहिल्या.

तेवढ्यात साहेब वही घेऊन दारात आले. मोठ्या बाईंनी त्यांना हातानेच थांबा म्हटलं.

"चार नंबर," त्या म्हणाल्या, "इकडे ये. माझा हा तागा बघ."

खोलीतल्या सुया थांबल्या. मोठ्या बाईंचा तागा दुसरीने बघायचा, हे आजवर झालं नव्हतं. सूनबाई आली. तिने एकदा सासूच्या तोंडाकडे पाहिलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर एक मांजर, पण त्यांनी नजर हलवली नाही. आपल्या चेहऱ्यावरून सुनेने काही वाचू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

सुनेचा डावा हात कापडावरून निघाला. हातभर झालं, आणखी हातभर झालं. तिसऱ्या हाताला तो थांबला, थोडा पुढे गेला आणि पुन्हा तिथेच आला. मोठ्या बाईंना न बघताही ते कळत होतं, कारण कापडावरून फिरणाऱ्या हाताचा आवाज त्यांना एकतीस वर्षं पाठ होता. आवाज बंद झाला. आता ही सूनबाई काय करते, यावर सगळं येऊन थांबलं होतं. हात पुढे सरकला असता, तर खोलीत कुणालाच काही कळलं नसतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती येऊन गुपचूप भरून गेली असती, बाई ताठ मानेने निवृत्त झाल्या असत्या, आणि त्यांच्यामागे या खोलीत हाक मारायची रीत उरली नसती.

खडूचा टक असा आवाज आला.

"उणं," सूनबाई म्हणाली. मोठ्याने, अगदी माग खात्यापर्यंत जाईल असं.

मोठ्या बाईंचा ऊर भरून आला. आयुष्यात त्यांना लोकांनी बरंच काही चांगलं म्हटलं होतं, एकदा सगळ्या कारखान्यासमोर शाल घातली होती, पण हा एक शब्द ऐकून जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच वाटलं नव्हतं. पोरीचा आवाज कापला नव्हता. आपण शिकवलेली पोर आहे ही, त्यांच्या मनात आलं, आणि डोळे पुसायला हात वर जात होता तो त्यांनी चष्मा नीट करण्याकडे वळवला.

वकील हात पुसत आला आणि सवयीने वाद सुरू करणार होता, तोच कोपऱ्यावरच्या तीन रेघा त्याला दिसल्या. त्याने एकदा रेघांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा बाई," तो म्हणाला. "मी उभा राहतो. मला इथल्या बसण्याची सवय आहे, तुमचा पहिलाच खटला आहे."

मोठ्या बाई बसल्या. स्टूल त्यांना वाटलं होतं त्याहून बुटकं निघालं. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. आणि तिथून सगळं वेगळंच दिसत होतं. वरून फक्त कापड दिसायचं, खालून कापडावरचा हात दिसत होता, अगदी डोळ्यांसमोर. सुई एका धाग्याखालून जाऊन दुसऱ्यावरून येत होती, घाई नाही, थांबणं नाही. असं शेजारी बसवून कुणीतरी आपलं काम सावरून देतंय, आणि तोंडाने एक शब्द बोलत नाही. यजमान वर्षभर इथे बसायला निमित्तं का शोधत होते, ते त्यांना आज पुरतं कळलं.

"शोधा," सूनबाई म्हणाली.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले आणि हात फिरवला. काहीच लागलं नाही. 'उणं नाही' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि थांबल्या. ही बोटं कसली साक्ष देणार. त्यांना तर सकाळीही काही लागलं नव्हतं. सगळी खोली वाट बघत होती, दारात साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून सुनेच्या हातात दिला, पुढे वाकल्या आणि गाल कापडावर टेकवला. तान्ह्याचं अंग तापलंय का बघायला टेकवतात तसा. डोळे मिटून त्यांनी गाल हळूच फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. गालाला सगळं कळत होतं. लोकरीचा खरखरीतपणा, वीण, एकेक धागा.

"इथे ओढलायस जरा," त्या गाल तसाच ठेवून म्हणाल्या.

सूनबाईने मान हलवली, सुईच्या टोकाने धागा किंचित सैल केला आणि परत म्हणाली, "शोधा."

गाल पुन्हा फिरला. या वेळी मोठ्या बाई बराच वेळ तशाच राहिल्या, जरुरीपेक्षा जास्तच.

"उणं नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. गालाला राखाडी लव चिकटली होती, ती त्यांनी पुसली नाही. "ऐका गं सगळ्या. माझ्या या दोन बोटांना आता कळत नाही. दोन महिने झाले. मी सांगितलं नाही, ही माझी चूक, आणि जे सुटलं होतं ते भरलेलं आहे. आजपासून या टेबलावर ही बसेल. घरची म्हणून देतेय असं कुणाला वाटत असेल, तर आत्ताच बोला."

दाराजवळच्या बाईने नाकावरचा चष्मा वर सरकवला. तीच खोलीत सगळ्यात जुनी. "घरची म्हणून कसलं," ती म्हणाली. "जिने सासूला सोडलं नाही, ती आम्हाला कसली सोडतेय." यावर सगळ्या जणी मोकळेपणाने हसल्या, आणि वकील तर सगळ्यात मोठ्याने, कारण त्याला आता नव्या बाईंपुढे नवे खटले चालवायचे होते.

साहेब पुढे आले. त्यांनी वहीचं पान काढलं. 'दोष' खोडलेल्या शब्दापुढे जागा कोरीच होती.

"बाई, मग अर्थ काय लिहू?"

"मला कशाला विचारता? टेबल कुणाचं?"

साहेब सूनबाईकडे वळले. ती जरा गोंधळली. तिने कोपऱ्यावरच्या तीन रेघा हाताच्या तळव्याने पुसल्या, कापड सारखं केलं आणि मग म्हणाली, "उणं म्हणजे... जे मोठ्यानं सांगितलं, की भरता येतं. ते."

"आणि शेजारी बसून," मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं, शब्दन्‌शब्द. मग पेन तसंच धरून विचारलं, "उदाहरण म्हणून आजचं हेच देतो. कोणाचं होतं म्हणून लिहू? नाव?"

"नाव लिहायचं नसतं," सहा जणी एकदम म्हणाल्या.

सूनबाईने पुसलेल्या जागेवर आपली खूण काढली आणि दारातून आलेला पुढचा तागा टेबलावर ओढला. मोठ्या बाई स्टुलावर परत बसल्या. डोळे अजून चांगले होते. त्यांनी सुई उजेडात धरली, पहिल्याच फटक्यात धागा ओवला आणि ती चार नंबरच्या हातात दिली.